वर्गातील टॅब आणि डिजिटल साहित्य: तासाचा वेळ वाया न घालवता व्यवस्था कशी लावावी?

प्रश्न (विज्ञान शिक्षिका)

मी सातवीच्या वर्गाला विज्ञान आणि गणित शिकवते. वर्गात ३८ मुले, १९ टॅब आणि एक प्रोजेक्टर आहे. तास ४० मिनिटांचा असतो. गेले दोन महिने टॅब वापरायचा असेल त्या प्रत्येक तासाला मी घड्याळ लावून पाहिले, तर मुले प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत कधी ११, तर कधी १४ मिनिटे निघून जातात. एखादा टॅब चार्ज झालेला नसतो, कुणाला पासवर्ड आठवत नाही, तर कुणी मागच्या आठवड्याची लिंक उघडून बसलेले असते. परवा मागच्या बाकावरची एक मुलगी काळ्या पडद्याकडे पाहत कितीतरी वेळ बटण दाबून धरत होती. तिचा टॅब सुरू झाला तेव्हा बाकीच्यांचा निम्मा प्रयोग उरकला होता आणि तिच्या वहीत फक्त तारीख व प्रयोगाचे नाव होते. तिने तक्रार केली नाही, म्हणून मला ते वह्या गोळा करेपर्यंत कळलेही नाही, आणि याचे मला अजून वाईट वाटते.

माझे साहित्यही विखुरलेले आहे. काही व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये, काही लिंक व्हॉट्सॲपवर, प्रश्नमंजुषा तिसऱ्याच ठिकाणी, असे पाच ॲप आणि पाच पासवर्ड झाले आहेत. ज्यांनी हे रोज सांभाळले आहे त्यांनी कृपया सांगावे, की सुरुवात नेमकी कुठून करावी?

प्रतिसाद १ (संगणक कक्ष सांभाळणारे शिक्षक)

मॅडम, आपण वेळ मोजून ठेवलात, हे फार उपयोगाचे काम झाले आहे. माझ्या अनुभवात हा वेळ शिकवण्यात जात नाही, तो तासाच्या आधी व्हायला हव्या असलेल्या कामात जातो. म्हणून सुरुवात ॲपपासून न करता कपाटापासून करावी असे मी सुचवेन.

प्रत्येक टॅबच्या मागे ठळक क्रमांक चिकटवा, तोच क्रमांक कपाटातल्या खणावर आणि चार्जरच्या वायरवर लिहा, आणि प्रत्येक जोडीला वर्षभरासाठी एकच क्रमांक द्या. ७ क्रमांकाचा टॅब नेहमी त्याच दोघांच्या हाती जाऊ लागला की ती मुले त्याची काळजी घेतात, आणि बिघाड झाला तर तो केव्हा झाला हेही कळते. कपाटाच्या दारावर दोरीने एक वही बांधून ठेवा. तीत तारीख, टॅबचा क्रमांक आणि अडचण एवढेच लिहायचे. माझ्याकडे अशी वही आहे आणि ती चाळताना एकदा लक्षात आले, की ‘चार्ज होत नाही’ ही तक्रार ज्या चार टॅबबद्दल वारंवार येत होती, ते चारही एकाच सैल झालेल्या एक्स्टेंशन बोर्डावर लागत होते. टॅब चांगलेच होते. आम्ही मात्र दुरुस्तीला पाठवण्याच्या तयारीत होतो.

चार्जिंगची जबाबदारी आठवड्याला दोन मुलांकडे द्या, पण शेवटची नजर आपली असू द्या. या बॅटऱ्या लिथियम-आयन प्रकारच्या असतात आणि त्यांना उष्णता सोसत नाही, म्हणून चार्जिंग चालू असताना कपाटाचे दार उघडे ठेवावे. मोठ्या सुट्टीत टॅब पूर्ण रिकामे किंवा पूर्ण भरलेले ठेवू नयेत. साधारण निम्मी बॅटरी ठेवून बंद करावेत. महिनोन्‌महिने रिकामी पडलेली बॅटरी पुन्हा चार्जच होत नाही, असेही घडते.

याशिवाय दोन टॅब राखीव ठेवा. म्हणजे १९ पैकी १७ च वाटायचे आणि चार मुलांना तिघांच्या गटांत सामावून घ्यायचे. हे तोट्याचे वाटेल, पण त्या मुलीला त्या दिवशी अर्ध्या मिनिटात दुसरा टॅब मिळाला असता.

प्रतिसाद २ (गणित शिक्षक)

सरांचे कपाटाबद्दलचे म्हणणे मला पूर्ण पटते. मात्र तिघांच्या गटाबद्दल माझे मत वेगळे आहे. तिघांमध्ये तिसरे मूल बहुतेक वेळा नुसते पाहत राहते. त्यापेक्षा जोडीच ठेवावी, एकाने टॅब चालवावा, दुसऱ्याने निरीक्षण वहीत लिहावे आणि दर आठ मिनिटांनी कामांची अदलाबदल करावी. टॅब बंद पडला तर त्या जोडीसाठी तोच प्रयोग छापील आकृतीवर करता येईल असा एक कागद तयार ठेवावा. मी असा कागद प्रत्येक पाठासाठी ठेवतो, आणि वीज गेली त्या दिवशी तो सगळ्या वर्गाच्या कामी आला आहे.

साहित्याबाबत माझा आग्रह एकच आहे: मुलांना दार एकच दिसले पाहिजे. एक पान तयार करा, त्यावर फक्त आजच्या पाठाचे दुवे ठेवा, त्या पानाचा क्यूआर कोड मोठा छापून भिंतीवर लावा आणि रोज पानावरील मजकूर बदला, पत्ता मात्र तोच ठेवा. मुलांना लिंक टाइप करायला लावू नका; एक अक्षर चुकले की पाच मिनिटे जातात.

शक्य ते सर्व आधी उतरवून घ्या. साधारण दर्जाच्या व्हिडिओला सेकंदाला १ ते २ मेगाबिट लागतात. १९ टॅबवर तो एकाच वेळी लावला तर ३० मेगाबिटची जोडणीही अपुरी पडू शकते. तोच व्हिडिओ प्रोजेक्टरवर एकदा दाखवला तर प्रश्नच उरत नाही. मुलांनी स्वतः हाताळायच्या गोष्टींसाठीच टॅब काढावेत. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट (PhET) प्रकल्पाची अनेक अनुरूपणे, म्हणजे पडद्यावर हाताळून पाहायचे आभासी प्रयोग, उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येतात, आकृत्या व आलेख काढण्याचे जिओजेब्रा हे गणिताचे ॲपही तसे चालते. आणि ‘कोलिब्री’ हा मोफत प्रोग्रॅम एका साध्या संगणकावर बसवला, तर वर्गातले टॅब स्थानिक वाय-फायवरून त्यावरचे पाठ पाहू शकतात. इंटरनेट फक्त साहित्य पहिल्यांदा उतरवून घेताना लागते.

एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. फ्लॅश या ब्राउझरमध्ये ॲनिमेशन व खेळ चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या कितीतरी कृती मी वर्षानुवर्षे जमवल्या होत्या. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार संपला आणि त्यातल्या जवळजवळ सर्व निकामी झाल्या. फाइली जशाच्या तशा होत्या, फक्त उघडत नव्हत्या. तेव्हापासून प्रत्येक कृतीसोबत तिचा उद्देश, मुलांना विचारायचे प्रश्न आणि अपेक्षित उत्तरे मी साध्या मजकुराच्या फाइलीत वेगळी लिहून ठेवतो. साधन गेले तरी पाठ राहतो. फाइलीच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी, म्हणजे संगणक त्या आपोआप ओळीने लावतो.

प्रतिसाद ३ (भाषा शिक्षिका)

पासवर्डबद्दल थोडे सांगते. पाच ॲपपैकी ज्यांना मुलांचे खाते लागतच नाही अशी ॲप आधी निवडावीत. मुलांची नावे व जन्मतारखा जितक्या कमी ठिकाणी जातील तितके चांगले. अनेक सेवा १३ वर्षांखालील मुलांना स्वतःचे खाते उघडू देत नाहीत आणि सातवीतली बरीच मुले त्या वयाच्या आतली असतात, हे आपण मोठ्यांनी लक्षात ठेवायला हवे. जिथे खाते अटळ आहे तिथे नावाऐवजी हजेरी क्रमांकावरून नाव द्यावे, आणि मुलांचे पासवर्ड शिक्षकाला बदलता येतात अशीच सेवा निवडावी. पासवर्डची यादी भिंतीवर लावू नये.

दुसऱ्याचे साहित्य आपल्या पानावर ठेवताना परवाना पाहावा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने, म्हणजे कर्त्याने आपले साहित्य इतरांना कोणत्या अटींवर वापरू दिले आहे हे सांगणारे तयार परवाने, २००२ पासून आहेत. त्यावर ‘बीवाय’ एवढेच असेल तर कर्त्याचे नाव व परवाना नमूद करून साहित्य बदलताही येते, ‘एनडी’ असेल तर बदललेली प्रत इतरांना देता येत नाही. मुलांसमोर आपण कर्त्याचे नाव लिहितो तेव्हा तीही प्रकल्पवहीत ते लिहू लागतात, हे मी पाहिले आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद, तीन आठवड्यांनंतर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. क्रमांक, वही आणि भिंतीवरचा क्यूआर कोड या तीनच गोष्टी मी आधी केल्या, आणि पाचपैकी तीन ॲप बंद केले. राखीव टॅब एकच ठेवला आणि उरलेल्या दोन मुलांसाठी दररोज वेगळ्या दोघांना छापील कागदावर काम देते. त्यामुळे दोघांचेही म्हणणे अंशतः पाळले गेले. गेल्या पाच तासांत सुरुवातीला लागलेला वेळ ६, ५, ७, ४ आणि ५ मिनिटे होता.

तास संपताना मात्र अजून गडबड होते. मुले मध्येच टॅब सोडून निघतात आणि पुढच्या वर्गाला उघडी खाती मिळतात.

प्रतिसाद १ (संगणक कक्ष सांभाळणारे शिक्षक)

शेवटची चार मिनिटे पाठाच्या नियोजनातच लिहा, मॅडम. घंटा होण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडणे, टॅब आपल्या खणात ठेवून वायर जोडणे आणि बाकावर परत येऊन वहीत निष्कर्षाची एक ओळ लिहिणे, हा क्रम पक्का ठेवा. निष्कर्ष शेवटी, टॅब हातात नसताना लिहायला लावला की मुले टॅब लवकर ठेवतात. सुरुवातीचे दोन आठवडे कपाटापाशी आपण स्वतः उभ्या राहा.