छिंगदाओला एक दिवस पुरत नाही

काही जण म्हणतात की बिअर म्युझियम पाहिलं की छिंगदाओ, म्हणजे चीनमधलं हे समुद्रकाठचं शहर, संपलं. अजिबात पटलं नाही! ते म्युझियम म्हणजे १९०३ सालचा जर्मनांचा बिअर कारखाना, दोन तासांत उरकतो. खरी मजा बादागुआन या भागात पायी भटकण्यात आहे: जुने बंगले, प्रत्येक रस्त्यावर वेगळी झाडं, आणि रस्ता संपला की समुद्र. संध्याकाळी लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत वजनावर ताजी बिअर भरून घेतात आणि स्ट्रॉ लावून पितात. (ताडी आठवलीच.) सोबत सुक्या मिरचीत परतलेल्या तिसऱ्या (शिंपल्या). मालवणी माणसाला वेगळं सांगायला नको. जूनमध्ये धुकं फार, ऑगस्टमध्ये बिअर महोत्सवाची झुंबड. पोहायचं असेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीला जा. शाकाहाऱ्यांनी मात्र पदरी ठेपले बांधूनच निघावं.