डीप हाउसला ग्रूव्ह ह्युमनाइझने येत नाही, स्विंगच्या आकड्याने येतो

धरमपेठ_डीप
नागपुरात डीप हाउस (हाउस या नृत्यसंगीताचा मऊ प्रकार) करणाऱ्या पोरांच्या ट्रॅकमध्ये एक रोग सारखा दिसतो. सगळ्या नोट्स सिलेक्ट करायच्या, ह्युमनाइझ (नोट्सची वेळ थोडी रँडम करणारं बटण) दाबायचं आणि ग्रूव्ह (मान डोलवणारी लय) आला म्हणायचं. रँडम टायमिंगमुळे प्रत्येक बारला (चार बीट) हॅट (ड्रममधली झांज) वेगळ्याच जागी पडतो, कानाला धरायला काही उरत नाही. हॅट उशिरा पडायचाच असेल तर दर वेळी तेवढाच उशिरा पडला पाहिजे, तेव्हा कुठे मान डोलते.

गणित सोपं आहे. १२० बीपीएमला (मिनिटाला १२० बीट) एक बीट ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे बारचा सोळावा भाग, एक स्टेप, १२५ चा. स्विंग म्हणजे दोन सोळाव्यांच्या जोडीतल्या पहिल्याला किती टक्के वेळ मिळतो तो आकडा; ५० म्हणजे सरळ. ५४ ला प्रत्येक जोडीतला दुसरा सोळावा १० मिलिसेकंद मागे जातो, ५८ ला २०, ६२ ला ३०. ६६ च्या आसपास थेट ट्रिपलेट (जोडीचे तीन समान भाग). टक्क्यांची ही पद्धत रॉजर लिन यांच्या १९८० च्या एलएम-१ ड्रम मशीनपासून आहे, पुढे एमपीसी या सॅम्पलर-ड्रम मशीनमुळे ती सगळीकडे रुळली. माझं मत: हॅट आणि शेकरला ५४ ते ५७. साठच्या वर गेलात की ट्रॅक गराज या दुसऱ्या नृत्यसंगीताकडे झुकतो. एफएल स्टुडिओ सॉफ्टवेअरवाल्यांनी लक्षात ठेवा, तिथलं नॉब शून्यापासून सुरू होतं, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लावू नका.

ढोलकी_ऑफ_ग्रिड
आकडे बरोबर आहेत भाऊ, पण त्यातून काढलेला अर्थ पटत नाही. स्विंग फक्त सम सोळाव्यांना हलवतो: दुसरा, चौथा, सहावा, आठवा. किक (तळाचा ठोका) पहिल्या, पाचव्या, नवव्या, तेराव्या स्टेपवर. क्लॅप पाचव्या आणि तेराव्यावर. ओपन हॅट तिसऱ्या, सातव्या, अकराव्या, पंधराव्यावर. यातलं काहीच हलत नाही! नॉब पूर्ण फिरवला तरी फरक ऐकू येत नाही अशी अनेकांची तक्रार असते, त्याचं कारण हेच.

तिथे हातच लागतो. क्लॅप ८ ते १० मिलिसेकंद मागे ओढा. त्याच्याखाली स्नेअर असेल तर ती ग्रिडवरच (आखलेल्या जागी) ठेवा, मग क्लॅप तिच्या मागून सांडतो. साधारण २५-३० च्या पुढे गेलात तर दोन वेगळे फटके ऐकू येतील. ओपन हॅट ४-५ मिलिसेकंद आधी घेतला की ट्रॅक पुढे ढकलल्यासारखा वाटतो.

आणि खरा फील हवा असेल तर ढोलकीचा लूप घ्या. एबलटन सॉफ्टवेअरमध्ये टाकल्यावर प्रत्येक थापेवर वॉर्प मार्कर (थापेला ग्रिडशी बांधणारी खूण) ठोकू नका, तिथेच लूप मरतो. मार्कर फक्त प्रत्येक बारच्या पहिल्या थापेवर. मग त्याच लूपमधून ग्रूव्ह एक्स्ट्रॅक्ट करून शेकरला लावायचा: टायमिंग ७० टक्के, व्हेलॉसिटी (फटक्याचा जोर) ४०, रँडम शून्य.

धरमपेठ_डीप
मग भांडण कशाचं आहे? वादकाची थाप मोजून शेकरला लावली, म्हणजे साचाच केला ना! क्लॅप मागे ओढायचाय तर ट्रॅक डिलेमध्ये अधिक ९ लिहा, विषय संपला. पॅडवर बोटांनी वाजवलेलं म्हणजे आपोआप चांगलं, हे मात्र मान्य नाही. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर (साउंड कार्ड आवाज साठवून पाठवतं तो तुकडा) असला की नुसता आउटपुटच ११-१२ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि हात नकळत पुढे पळतो. तो फील तुमचा नाही, साउंड कार्डाचा आहे. रेकॉर्ड करताना ६४ किंवा १२८ वर या आणि ब्लूटूथ हेडफोन तर लावूच नका.

सावजी_सब
हॅट-हॅट काय करून रायले भाऊ दोघं? डीप हाउसमध्ये माणूस नाचतो तो बेसवर. आणि बेसची नोट कुठे सुरू होते त्यापेक्षा कुठे संपते ते बघा.

उदाहरण घ्या. ए मायनर, १२० बीपीएम, स्विंग ५६. बेस तिसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि चौदाव्या स्टेपवर. पहिली स्टेप किकसाठी मोकळी. आता चौथ्या स्टेपची नोट १५ मिलिसेकंद मागे गेली. पुढच्या किकपर्यंत जागा उरली ११०. पण नोटची लांबी बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये तीच राहते, १२५. म्हणजे तिचं शेपूट किकच्या अटॅकवर १५ मिलिसेकंद चढलं, वर सिंथचा रिलीज (नोट सोडल्यावर विरायचा वेळ) वेगळाच. तिथे तळ गढूळ होतो आणि लोकं ईक्यू (सूर कमी-जास्त करायचं साधन) घेऊन किकमागे लागतात. ईक्यू कशाले बाप्पा? नोट ७०-८० मिलिसेकंदांची करा, रिलीज ३० च्या आत ठेवा, किक आपोआप मोकळी होईल.

साइडचेनही (किक पडली की बेस आपोआप दाबणं) तसंच. १० डेसिबल दाबून फसफस करायची ती फ्रेंच हाउसची सवय. इथे ३-४ डेसिबल पुरे, अटॅक १ मिलिसेकंदाच्या आत, रिलीज साधारण १२०. ऑफबीट २५० वर येतो, त्याच्या आधी बेस पूर्ण उभा राहिला पाहिजे. रिलीज ३०० केला तर तिसऱ्या स्टेपची नोट अर्धी दबलेलीच राहते, मग म्हणायचं बेसमध्ये दम नाही.

ढोलकी_ऑफ_ग्रिड
नोटच्या लांबीचं शंभर टक्के मान्य. हॅटलाही तेच लागू. ओपन आणि क्लोज्ड हॅट एका चोक ग्रुपमध्ये (एक वाजला की दुसरा बंद) ठेवा, नाहीतर ओपनचं शेपूट पुढच्या घोस्ट नोट्स (अगदी हलके फटके) गिळतं.

दहा_बाय_दहा
तुम्ही सगळे ज्या खोलीत बसून हे ठरवताय तिचं काय? आपल्याकडची खोली साधारण दहा बाय दहा, म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग ३४३ भागिले लांबीची दुप्पट ६.१, उत्तर ५६ हर्ट्झ, खोली घुमते तो सूर. ए मायनरमध्ये ट्यून केलेली किक ५५ वर. खोलीच्या बरोबर मध्ये बसलात तर नेमकी तीच गायब होते आणि कोपऱ्यात घुमते. मग खुर्चीत बसून किक ४ डेसिबल वाढवायची, आणि तोच ट्रॅक गाडीत लावला की काचा थरथरतात. खुर्ची समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर सरकवा, आणि किकची लेव्हल रेफरन्स ट्रॅकशी हेडफोनवर ताडून बघा.

दुसरं म्हणजे कूलर. एप्रिल-मेमध्ये तो बंद करून बसा असं नागपुरात कोणाला सांगायची सोय नाही. पण त्याच्या घरघरीखाली ३०-४० व्हेलॉसिटीच्या घोस्ट हॅट्स ऐकूच येत नाहीत. मग माणूस त्या ८० वर नेतो, सगळे सोळावे एका उंचीचे होतात आणि स्विंग ५४ असो की ५८, फरक कळत नाही. व्हेलॉसिटीचे निर्णय कूलर बंद करून, दहा-दहा मिनिटांत उरका.

धरमपेठ_डीप
खोलीचा मुद्दा खरा, पण तो मिक्सचा झाला. टायमिंग तर मोबाइलच्या स्पीकरवरही कळतं. उलट एक गोष्ट इथे कोणीच काढली नाही, डिले, म्हणजे प्रतिध्वनीचा इफेक्ट. मायनर नाइन्थ कॉर्डचा स्टॅब, म्हणजे छोटा फटका (ए मायनर असेल तर सी, ई, जी, बी; ए बेसकडे आहेच) पहिल्या स्टेपवर ठेवून डॉटेड एट्थ (तीन स्टेपचा) डिले लावला की पहिला प्रतिध्वनी ३७५ मिलिसेकंदांवर येतो. स्विंग ५६ असेल तर चौथ्या स्टेपचा हॅट ३९० वर. दोघांची टक्कर. डिले ३९० केला तर दुसरा प्रतिध्वनी ७८० वर, आणि सातवी स्टेप ७५० लाच. कसंही करा, कुठेतरी भांडण आहेच. म्हणून डिले सरळ एट्थ किंवा क्वार्टरवर (दोन किंवा चार स्टेप) ठेवा, नाहीतर प्रतिध्वनी नोट्स म्हणून लिहून त्यांनाही तोच ग्रूव्ह लावा.

ढोलकी_ऑफ_ग्रिड
ती टक्कर मला हवी आहे! प्रतिध्वनीवर २५०० हर्ट्झचा लो-पास आणि ३०० चा हाय-पास (वरचे आणि खालचे सूर कापणारे फिल्टर) लावला की त्याला टोक राहत नाही, हॅटच्या मागे नुसता धूर दिसतो. १५ मिलिसेकंदांचं भांडण टोकदार आवाजात ऐकू येतं, बोथट आवाजात नाही. शिकागोचे डीप हाउस संगीतकार लॅरी हर्ड मुळात ड्रमर, तरी त्यांच्या कॉर्ड्स अशाच ड्रम्सच्या वर तरंगतात, त्यांना चिकटून बसत नाहीत. सगळं एका ग्रिडला बांधायचं तर डीप कशाला म्हणायचं?

सावजी_सब
फिल्टर लावा की नका लावू, डिलेचा फीडबॅक (प्रतिध्वनी किती परत फिरतो) ३५ टक्क्यांच्या खाली ठेवा. ब्रेकडाउनला (किक थांबते तो भाग) ६० चालते, पण किक परत यायच्या एक बार आधी ऑटोमेशनने खाली आणा. नाहीतर किक पडते तेव्हा जुन्या कॉर्डचा चिखल तसाच असतो.