'सिंबॉलाइज'ला दरवेळी 'रेप्रेसेन्तार' नको
इंग्रजी 'सिंबॉलाइज'साठी, म्हणजे एखाद्या गोष्टीचं प्रतीक असण्यासाठी, स्पॅनिशमध्ये सरसकट 'रेप्रेसेन्तार' हे क्रियापद वापरा, असं कुणी सुचवतं. ते चूक नाही, पण त्या क्रियापदाकडे इतर कामंही बरीच आहेत: नाटक सादर करणं, वकिलानं अशिलाची बाजू मांडणं, देशाचं प्रतिनिधित्व करणं. नेमकं प्रतीकच म्हणायचं असेल तर 'सिंबोलिसार' घ्या. 'ला पालोमा सिंबोलिसा ला पास', म्हणजे कबुतर हे शांततेचं प्रतीक. इथे 'पास'आधीचं 'ला' हे उपपद (इंग्रजी 'द'सारखं) अजिबात गाळू नका. मराठीत उपपदच नाही आणि इंग्रजीतही अशा भाववाचक नामाला ते लागत नाही, म्हणून आपण हमखास तिथेच चुकतो. स्पेनच्या बऱ्याच भागात हेच वाक्य 'सिंबोलिथा ला पाथ' असं ऐकू येईल.

मला स्वतःला 'सेर सिंबोलो दे' ही रचना जास्त जवळची वाटते, कारण ती आपल्या '-चं प्रतीक असणं'सारखीच चालते. मेक्सिकोत २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, 'सेंपासुचिल'च्या पाकळ्यांची वाट घालतात, आत्म्यांना घर सापडावं म्हणून. हा आपला झेंडूच, मूळचा तिकडचा! त्याच्याबद्दल लिहायचं तर: 'ला फ्लोर एस सिंबोलो दे ला लुस', फूल हे उजेडाचं प्रतीक आहे.