ड्रेनेजचं 'विकास शुल्क' म्हणायचं, 'आकार' म्हणायचं का 'कर'?

नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. माझी भाची अमेरिकेत ऑरेगनला असते, ते लोक तिथं घर बांधायलेत. परमिटच्या कागदात सॅनिटरी सीवर (घाण पाण्याची) एसडीसी आणि स्टॉर्मवॉटर (पावसाच्या पाण्याची) एसडीसी अशा दोन वेगळ्या रकमा आल्यात, एसडीसी म्हणजे सिस्टिम डेव्हलपमेंट चार्ज. तिच्या सासूबाई हितं सोलापुरात असतात, त्यांना मी फोनवर 'गटारीची पट्टी' म्हणून सांगितलं तर त्या म्हणाल्या पट्टी तर दरवर्षी असते, मग एवढे पैसे दरवर्षी भरायचे का? मला उत्तर देता येईना. नेमका मराठी शब्द काय?

—

काका, सासूबाईंनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. मी विजापूर रोडला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बांधकाम परवानगीच्या फायली करते, हे शब्द दिवसभर हातात असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पट्टी आणि कर हे वर्षाच्या वर्षाला. घरपट्टी, पाणीपट्टी, आणि 1949 च्या महापालिका अधिनियमात मालमत्ता कराच्या पोटात येणारे मलनिस्सारण कर, मलनिस्सारण लाभ कर, हे सगळे त्यातले. तुमच्या भाचीचं तसं नाही, ते एकदाच भरायचं. नवीन घर झालं की त्याचं सांडपाणी गावाच्या आधीच्या पाईपात आणि शुद्धीकरण केंद्रात जाणार, म्हणजे तिथली जागा खाणार, त्या जागेचा हा हिस्सा. ऑरेगनच्या कायद्यात त्याचे दोन भागच पाडलेत, एक आधीच बांधून ठेवलेल्या क्षमतेची भरपाई आणि दुसरा पुढं वाढवाव्या लागणाऱ्या क्षमतेसाठी. म्हणून पट्टी नको आणि करही नको.

आता शुल्क का आकार. माझं मत आकार. घरातलं महावितरणचं बिल काढून बघा, त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असतं आणि खाली वेगळं वीज शुल्क असतं. वरचे आकार म्हणजे विजेचे आणि ती पोचवायचे पैसे, आणि ते वीज शुल्क म्हणजे सरळसरळ राज्य सरकारचा कर, घरगुतीला 16 टक्के. मुद्रांक शुल्क, उत्पादन शुल्क, सीमाशुल्क, हे सगळे करच की. आणि परीक्षा शुल्क मात्र फी. म्हणजे शुल्क हा शब्द दोन्हीकडं चालतो, त्यामुळंच ऐकणाऱ्याचा घोळ होतो, आकार म्हणलं की कशाचे तरी मोजून लावलेले पैसे एवढाच अर्थ राहतो.

दुसरा घोळ 'विकास' शब्दाचा, आणि यावर माझ्यासमोर रोज लोक चिडतात. हद्दवाढ भागातले लोक येतात, म्हणतात विकास शुल्क भरलं, मग आमच्या गल्लीचा विकास कुठाय? त्यांचा राग खरा आहे, पण शब्द तिथला नाही. 1966 च्या नगररचना कायद्यात विकास म्हणजे जमिनीवर, जमिनीखाली काही बांधणं किंवा जमिनीच्या वापरात बदल करणं. तुम्ही प्लॉटवर दोन खोल्या काढल्या, झाला विकास. त्या तुमच्या विकासावर लावलेला आकार तो विकास आकार, 1992 साली हे प्रकरण कायद्यात घातलं, आपली हद्दवाढ पण त्याच वर्षीची. गोळा झालेला पैसा सार्वजनिक सोयींसाठीच वापरायचा असं कायदा म्हणतो, म्हणून लोकांची अपेक्षा चूक नाही, फक्त शब्दातला विकास गल्लीचा नाही, तुमच्या घराचा.

आणि तुमच्या भाचीच्या कागदातले दोन्ही आकार वेगळे का, तर घाण पाणी आणि पावसाचं पाणी वेगळं म्हणून. जुळे सोलापुरात आम्ही राहायला आलो तेव्हा वरच्या अंगाच्या एका घरानं गच्चीचा पावसाचा पाईप ड्रेनेजच्या चेंबरला जोडून टाकला होता. जूनमधला पहिलाच मोठा पाऊस, चेंबरचं झाकण थडथड उडायला लागलं आणि पाच मिनिटांत आमच्या बाथरूमच्या जाळीतून काळं पाणी वर. आईनं पोती आणि जुनी सोलापुरी चादर जाळीवर दाबून धरली होती, ती चादर नंतर टाकूनच द्यावी लागली. तेव्हापासून मी दोन्हीला 'गटार' म्हणत नाही. घाणीचं ते मलनिस्सारण, पावसाचं ते पर्जन्यजल निचरा.

तर कागदावर लिहायचं असेल तर मलनिस्सारण विकास आकार आणि पर्जन्यजल विकास आकार. सासूबाईंना सांगताना, ड्रेनेजचे एकदाचे पैसे आणि पावसाच्या पाण्याचे एकदाचे पैसे, एवढं बास.

—

ताई, छान लिहिलंय, पण मलनिस्सारण कोण बोलतं हो, आमच्या अक्कलकोट रोडला सगळे ड्रेनेजच म्हणतात. आणि निःसारण बरोबर का निस्सारण? आणि 'ती गटार' का 'ते गटार'?

—

बोलताना ड्रेनेजच म्हणा की दादा, तो आता आपलाच शब्द झालाय. फक्त ड्रेनेजमध्ये पावसाचं पण येतं म्हणून अर्जात लिहिताना तो अपुरा पडतो. निःसारण आणि निस्सारण दोन्ही बरोबर, संधी दोन्ही प्रकारे होतो, 'निसारण' तेवढं चूक आणि टायपिंगमध्ये नेमकं तेच लई दिसतं. गटार दोन्ही लिंगांत चालते, आमच्याकडं ती गटार.

—

ताई, सांगितलं त्यांना आणि एकदम पटलं. पण आता विचारायलेत, पावसाचे पैसे कशावर मोजतात, पाऊस तर सगळ्यांवर सारखाच पडतो ना?

—

पाऊस सारखा पण मुरणं सारखं नाही काका. तिकडं बऱ्याच शहरांत छप्पर, काँक्रीट, डांबर असं पाणी न मुरणारं क्षेत्र किती त्यावर तो आकार ठरतो, आणि घाण पाण्याचा आकार घरं किती, वापर किती यावर. भाचीला म्हणावं गाडी लावायची जागा सगळी काँक्रीट करायच्या आधी एकदा तिथल्या ऑफिसात विचारून घे.