मदत हवी आहे: नेव्हल अकॅडमीच्या नॉमिनेशनला ओळख लागते का?

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक ज्युनिअर इयरला (अकरावीला) आहे, जन्म इथलाच. तिच्या डोक्यात ॲनापोलिसची नेव्हल अकॅडमी (अमेरिकी नौदलाचे अधिकारी घडवणारं कॉलेज) बसली आहे. अर्ज बघायला घेतला तर नेहमीच्या प्रवेशाबरोबर काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्याचं नॉमिनेशनही, म्हणजे त्यांनी नाव सुचवणंही, हवं म्हणतात. आम्हाला माहीत ती खडकवासल्याची एनडीए: यूपीएससीची लेखी परीक्षा, एसएसबीची मुलाखत, मेडिकल, मग मेरिट लिस्ट. त्यात खासदाराचं पत्र कुठेच नाही. अहो म्हणतात, "म्हणजे शेवटी वशिलाच." आमची कुणा नेत्याशी ओळख नाही. मी अजून ग्रीन कार्डवर, मला मतसुद्धा नाही. अर्ज करण्यात अर्थ आहे का? आणि एकाच खासदाराकडे करायचा की सगळ्यांकडे? शिवाय ऑगस्टमध्ये घर बदलतोय, मतदारसंघही बदलेल.

प्रतिसाद १

ताई, माझा भाचा या सगळ्यातून गेलाय. नागरिकत्व मुलीचं बघतात, तुमचं नाही. प्रवेशाच्या वर्षी १ जुलैला वय १७ पूर्ण हवं आणि ती अविवाहित हवी.

अर्ज सगळीकडे करा: तुमच्या मतदारसंघाचे खासदार, राज्याचे दोन्ही सिनेटर आणि उपराष्ट्राध्यक्ष. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, निबंध वेगळा, मुदतही वेगळी. बरीच कार्यालयं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच दार बंद करतात, कारण नावं ३१ जानेवारीपर्यंत अकॅडमीकडे पोचवायची असतात. राष्ट्राध्यक्षांचाही कोटा आहे, पण तो सैन्यात नोकरी केलेल्यांच्या मुलांसाठी, आयटीवाल्यांनी तिकडे बघू नये :)

वशिल्याचं म्हणाल तर एका सदस्याच्या नॉमिनेशनवर आलेले एका अकॅडमीत एका वेळी ५ विद्यार्थी असू शकतात. जागा रिकामी झाली की ते अनेक नावं पाठवतात. काही जण एक मुख्य उमेदवार ठरवतात. तो सगळ्या निकषांत बसला तर जागा त्याचीच. काही जण नुसती यादी देतात आणि निवड अकॅडमी करते. तुमचं कार्यालय कुठली पद्धत वापरतं ते विचारून घ्या, लाजू नका. मार्क, एसएटी, खेळ, शिक्षकांची पत्रं बघतात, पुष्कळ ठिकाणी समिती मुलाखत घेते. आमच्याकडे पक्षाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. भाच्याला विचारलं ते एवढंच: नेव्ही का, आणि नाही मिळालं तर काय?

नॉमिनेशन म्हणजे प्रवेश नव्हे, हे मात्र लेकीला आत्ताच सांगा. मेडिकल आणि फिटनेसची चाचणी वेगळी असते. मेडिकल फार कडक, दमा-ॲलर्जीचे जुने कागद आतापासून काढून ठेवा.

प्रतिसाद २

नेव्हीच्या आरओटीसी स्कॉलरशिपला (साध्या कॉलेजात शिकता शिकता अधिकारीपदाचं प्रशिक्षण) नॉमिनेशन लागत नाही, न्यू लंडनच्या कोस्ट गार्ड अकॅडमीलाही नाही. तिथेही अर्ज टाकून ठेवा. आणि नेव्हल अकॅडमीला फी नाही म्हणून हुरळू नका, पदवीनंतर किमान ५ वर्षं सक्रिय सेवा बंधनकारक आहे. हे लेकीने स्वतः वाचलंय ना?

धागाकर्ती

वाचलंय, तिला तेच हवंय. आम्हीच घाबरलोय. घर बदलण्याचं काय करू?

प्रतिसाद १

खासदार आपल्या मतदारसंघातल्या रहिवाशांचीच नावं देतात. दोन्ही कार्यालयांत फोन करून ऑगस्टची तारीख सांगा, प्रत्येक ऑफिसात सर्व्हिस अकॅडमीचं (अशा सैनिकी अकॅडमींच्या नॉमिनेशनचं) काम बघणारा कुणीतरी असतो. सिनेटर काही बदलत नाहीत, ते दोन अर्ज आधी भरायला घ्या.