शिडाच्या बोटींचे सिनेमे: यंदा कोणता लावायचा?

प्रेषक: कार्यक्रम समिती

नमस्कार मंडळी,

जुलैच्या चित्रपट-संध्येला यंदा सेलिंगवरचा सिनेमा लावावा असं समितीत ठरलं. ऑकलंडला आल्यापासून आपल्यातले कितीतरी जण शिडाची बोट चालवायला शिकले. तेव्हा नाव सुचवा, आणि बोट चालवणाऱ्याला तो का आवडतो हेही लिहा. नुसती यादी नको.

प्रेषक: गावाकडून (अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया)

ताई, नमस्कार.

सध्या मी घरी आहे, नवेगावबांधजवळ. माझं मत ‘ऑल इज लॉस्ट’ला (२०१३).

हिंदी महासागरात एकटा म्हातारा माणूस आणि अख्ख्या सिनेमात मोजकीच वाक्यं. तो झोपलेला असताना, जहाजावरून पडून तरंगत आलेला एक कंटेनर बोटीला धडकतो आणि कुशीला भगदाड पडतं. त्याची भूमिका करणारा रॉबर्ट रेडफोर्ड आरडाओरडा करत नाही. कंटेनर बोटीत रुतून बसलाय, म्हणून सी-अँकर (पाण्यात सोडला की बोटीला मागे ओढ देणारी कापडी छत्रीसारखी वस्तू) काढून तो कंटेनरलाच बांधतो आणि ओढ लावून त्याला सोडवतो. मग बोटीची दिशा बदलतो. वारा दुसऱ्या अंगानं आला की बोट उलट्या कुशीवर कलते आणि भगदाड पाण्याच्या वर येतं. सिनेमा हे कुणाला समजावून सांगत बसत नाही. ज्यानं एकदा सुकाणू धरलंय त्याला ते अंगातूनच कळतं, आणि आपल्याला कळलं याचा फार आनंद होतो. वादळाचे देखावे सगळेच बघतात, पण बोटवाला माणूस हात बघतो. दोर कुठे अडकवला, गाठ कोणती मारली, आधी काय केलं आणि मागून काय.

हे इथे घरात बघायला मिळालं. आमचं घर ढिवराचं. काकाजींची हयात डोंगा आणि जाळ्यात गेली, समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. गेल्या आठवड्यात रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीवर हा सिनेमा लावला. इंग्रजी त्यांना येत नाही, आणि इथे गरजही पडली नाही. रेडफोर्ड भगदाडावर फायबरचं कापड ठेवून ब्रशनं रेझिन फासायला लागला तसे काकाजी खाटेवरून पुढे सरकले. डोंग्याच्या फटीत चिंध्या ठोकून वरून डांबर फासायचं आणि उन्हात वाळू द्यायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलंय. म्हणाले, “आंदी भोक, मंग पानी उपसनं. बराबर करून रायला तो.” थोड्या वेळानं चुलतभावानं विचारलं, हा बोलत काऊन नाही? तर काकाजीच म्हणाले, “एकटा मानूस पान्यात बोलन कोनासंग?”

खाऱ्या पाण्यानं रेडिओ बंद पडतो, तेव्हा तो डब्यातून कोरा सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून आपण कुठे आहोत ते काढायचं यंत्र) काढतो आणि पुस्तक उघडून सूर्य मोजायला शिकतो. जीपीएसवर विसंबणाऱ्या आपल्या सगळ्यांनी तेवढा भाग तरी बघावा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

प्रेषक: एक सभासद (मूळ भंडारा)

भाऊ, काकाजींना माझा नमस्कार सांगा.

सिनेमा चांगला आहे, पण एका गोष्टीनं मला चैन पडत नाही. इतक्या लांब निघालेल्या बोटीवर ईपर्ब नाही? संकटात उपग्रहाला इशारा पाठवणारं हे यंत्र नसेल, तर आम्ही खोल समुद्रात जातच नाही. बोट चालवणारे पुष्कळ जण याच एका कारणासाठी या सिनेमावर रागावलेत, आणि मला तो राग योग्य वाटतो.

माझं मत ‘मेडन’ला (२०१८). हा माहितीपट आहे. १९८९-९० च्या व्हिटब्रेड शर्यतीत ट्रेसी एडवर्ड्स फक्त बायकांचा चमू घेऊन जगप्रदक्षिणेला निघाली. जुनी ५८ फुटी बोट विकत घेऊन या बायकांनी ती स्वतः खरवडून, रंगवून उभी केली. या किनाराही गाठणार नाहीत असं लिहिणारे पत्रकार स्वतःच कॅमेऱ्यासमोर येऊन ते कबूल करतात. दक्षिण महासागरातून फ्रीमँटलपर्यंतचा टप्पा त्यांनी आपल्या गटात जिंकला, आणि त्यापुढचा टप्पाही. तो संपला कुठे, तर आपल्याच ऑकलंडला!

प्रवासातली बरीचशी दृश्यं बोटीवरच घेतलेली आहेत. स्वयंपाक सांभाळणाऱ्या जो गुडिंगनं कॅमेराही सांभाळला. त्यामुळे ओले कपडे, बर्फगार डेक, झोप न झालेले चेहरे, सगळं खरं आहे. स्टुडिओच्या टाकीत बोट हलवली की आपल्याला लगेच कळतं, कारण शिडावर वाऱ्याचा ताण दिसत नाही.

प्रेषक: आणखी एक सभासद (मूळ आलापल्ली)

‘डीप वॉटर’ (२००६) विसरू नका. हाही माहितीपटच. १९६८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, म्हणजे एकट्यानं कुठेही न थांबता जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, नऊ जण निघाले आणि एकटे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन परत पोचले, ३१२ दिवसांनी. त्यांची ३२ फुटी बोट ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली, सागवानाची. सागाच्या जंगलाशेजारी वाढलेल्या माझ्यासारख्याला याचा अभिमान वाटतो. त्याच शर्यतीतल्या डोनाल्ड क्रोहर्स्टनं रेडिओवरून आपली खोटी ठिकाणं कळवली आणि शेवटी त्याची रिकामी बोट सापडली. नॉक्स-जॉन्स्टननी पाच हजार पौंडांचं बक्षीस त्याच्याच कुटुंबाला दिलं. मात्र हा सिनेमा मनाला फार लागतो, लहान मुलांसमोर लावू नये.

प्रेषक: गावाकडून

ताई, ईपर्बचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. ‘ऑल इज लॉस्ट’ लागलाच तर ते यंत्र आधी मंचावर दाखवा, हातात घेऊन. नव्यानं शिकणारी पोरं समोर असतील.

पण कार्यक्रमाला ‘मेडन’च घ्या, माझंही मत आता तिकडे. इथे त्याला मराठी उपशीर्षकं हवी आहेत, कारण त्यात बोलणं भरपूर आहे. काकीला आणि शेजारच्या बायकांना दाखवायचा आहे. त्याही पहाटे तलावावर जातात, कंबरभर पाण्यात उभ्या राहून झिंगे धरतात. भाषांतराला कोणी दोघं-तिघं तयार असाल तर कळवा, भाग वाटून घेऊ. पहिल्या अर्ध्या तासाचं मी आज रात्रीच सुरू करतो.