मदत हवी आहे: एकाच संख्येला दोन प्रोग्राम दोन उत्तरं देताहेत, अर्जंट

शून्यवादी: लोकहो जरा लवकर सांगा. माझा प्रोग्राम म्हणतो संख्या मूळ आहे आणि मित्राचा म्हणतो नाही, मी चाचणीत 2, 3, 5, 7 सगळे पाये घालून बघितले, दरवेळी बाकी 1च येते म्हणजे मूळच झाली ना? त्याचा कोड गंडलाय हे सांगून दमलो. उद्या सबमिट करायचंय.

तिरपागडा: अहो पण संख्या कुठली??

बाकीशून्य: आणि मूळ संख्या ओळखायची चाचणी कुठली? फर्मा की मिलर-राबिन?

शून्यवादी: साधीच हो, फर्माची. संख्या n, तर पायाचा n-1 वा घात काढून n ने भागायचं, बाकी 1 आली की मूळ. संख्या 1024651.

कोपरखळी: एवढ्याशा संख्येला घात कशाला राव! वर्गमूळ 1012 च्या आसपास, तिथपर्यंत मूळ संख्या 169च आहेत, भागत सुटायचं. आठव्या फटक्यातच 19 ने भाग जातोय. साधा भागाकार करायची लाज वाटते हल्ली.

बाकीशून्य: 19 × 199 × 271. ही कार्मायकल संख्या आहे, म्हणजे संयुक्त असूनही फर्माच्या चाचणीला फसवणारी. n-1 म्हणजे 1024650 ला 18, 198, 270 (प्रत्येक अवयवातून 1 वजा) तिघांनीही भाग जातो आणि एकही अवयव दोनदा आलेला नाही, म्हणून 19, 199, 271 पैकी कुणाच्याही पटीतला पाया सोडून काहीही घाला, बाकी 1च येणार. त्याहून कडक मिलर-राबिन वापरा, तिच्यात घात निम्मा करूनही बाकी 1 किंवा -1 (म्हणजे भाजकाहून 1 कमी) येते का बघतात.

शून्यवादी: आत्ताच केली, 3 घेऊन. पास झाली की!

बाकीशून्य: 3 नेमका फसतो इथे. 3 चा 512325 वा (1024650 च्या निम्मा) घात घेतला की तिन्ही अवयवांना बाकी -1 येते. 2 घेतलात तर 19 ला -1 पण 199 ला +1, म्हणजे पूर्ण संख्येला बाकी 1 ही नाही आणि -1 ही नाही, तिथे चोरी पकडली जाते. 2 आणि 3 दोन्ही लावा, 1373653 च्या खाली एकही संयुक्त संख्या सुटत नाही.

अंकवेडी: कुणी अंकांची बेरीज केली का? 1+0+2+4+6+5+1 = 19, आणि भागही 19 नेच! म्हणजे आपल्या गणितज्ञ कापरेकरांची हर्षद संख्या. रामानुजनच्या 1729 चंही सेम, बेरीज 19, अवयव 7 × 13 × 19, आणि तीही कार्मायकल!!

कोपरखळी: योगायोग आहे ताई. दशमान सोडून लिहा, बेरीजच बदलेल.

अंकवेडी: असू दे की. तुमच्या आठ भागाकारांच्या आधी माझी एक बेरीज झाली.

जुनाजाणता: ही परिपूर्ण संख्या नाही. स्वतःला सोडून बाकी भाजकांची बेरीज 63349च भरते.

तिरपागडा: काका, ते कुणी विचारलं?

शून्यवादी: ओके ओके. मग सगळ्या कार्मायकल संख्यांची लिस्ट द्या कुणीतरी, कोडमध्ये वगळून टाकतो.

बाकीशून्य: अनंत आहेत हो, आल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पॉमरन्स या गणितज्ञांनी 1994 मध्ये सिद्ध केलंय. लिस्ट सोडा, मिलर-राबिनमध्ये 3 सोबत 2 पण घाला.